दारापर्यंतची पावलं

शेवंताची लालबागेत खाणावळ होती. नवरा पटकीच्या साथीत गेल्यावर संगमेश्वराला परत जायचं तिने नाकारलं आणि गिरणीतल्या गाववाल्यांना जेवू घालायला सुरुवात केली. जागा कौलारू, दोन खोल्यांची, पुढे पडवी. धोंडू आणि लवू तिच्याकडे जेवायचे आणि रात्री पडवीत पथारी टाकायचे. पावसाळा सरता सरता त्यांच्यात कुशाबा नावाचा तिसरा येऊन मिळाला. हा घाटावरचा, साताऱ्याकडचा. उंच, रोडावलेला, चाळिशी ओलांडलेला. काम शोधतोय म्हणाला, त्यापलीकडे काही बोलला नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी परळला एका रिकाम्या गोदामात जादूच्या कंदिलाचा खेळ लागला. गिरगावातले अप्पा म्हणून एक गृहस्थ दिव्याच्या पेटीत रंगवलेल्या काचा सरकवायचे, समोर ताणलेल्या धोतरावर माणसाएवढाली चित्रं उमटायची आणि अप्पा त्यांची गोष्ट सांगायचे. एरवी ते रामायण दाखवत. या वेळी त्यांच्याकडे विलायती काचा आल्या होत्या. सगळी खाणावळ खेळाला गेली. कुशाबाही गेला, पण मागे भिंतीला टेकून बसला.

गोष्ट डोंगरातल्या एका धर्मशाळेची होती. बर्फ पडून वाटा बुजल्या आहेत, आत उतारू अडकलेत आणि रोज सकाळी त्यांतला एक मरून पडलेला सापडतो. एका चित्रात कंदील घेतलेला माणूस दाराशी उभा होता. दुसऱ्यात पांढऱ्या जमिनीवर एक बाई पालथी पडली होती. मग नुसतं दार दिसलं, आणि दारासमोर पावलं.

अप्पांनी आवाज उतरवला. "पावलं नीट बघा," ते म्हणाले. "दारापर्यंत आली आहेत. परत गेलेली नाहीत."

शेवंताने शेजारच्या अनोळखी बाईचा दंड घट्ट धरला होता.

आता खुन्याचं तोंड दिसणार, असं सांगून अप्पांनी शेवटची काच आत सरकवली. ती दिव्याच्या आचेने तडकली. धोतरावर नुसता पांढरा उजेड राहिला. लोकांनी गलका केला, पण अप्पा काही केल्या नाव सांगेनात. नवी काच आली की पुढच्या खेळाला या, म्हणाले.

परतताना रस्ताभर तोच विषय. धोंडूचं म्हणणं, काच तडकली नाही, तडकवली, पुढच्या खेळाला गर्दी व्हावी म्हणून. खुनी कोण हे तर उघड आहे, धर्मशाळेचा रखवालदार, कारण किल्ल्या त्याच्याकडे. लवूला गोष्टच पटली नव्हती. त्याने कोटात, म्हणजे फोर्टात, साहेबांच्या बंगल्यांवर बर्फाच्या लाद्या वाहिल्या होत्या. असा दगडासारखा बर्फ आभाळातून पडला तर खून करायला माणूस उरेल कशाला, सगळ्यांची डोकी आधीच फुटतील. मागून येणारा, गिरणीत मागावर काम करणारा एक सांचेवाला म्हणाला, हे माणसाचं कामच नव्हे, भुताटकी आहे. लवूने मान वळवून कुशाबाला त्याचं मत विचारलं. कुशाबा खाली बघत चालत राहिला.

शेवंताच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. पावलं आत गेली आणि बाहेर आली नाहीत, म्हणजे मारणारा आतच होता. बाकीच्यांच्या पंगतीला बसत होता, त्यांच्याच हातचं जेवत होता.

दुसऱ्या दिवसापासून तिला कुशाबाची भीती वाटू लागली. आधी ज्याकडे लक्षही गेलं नव्हतं, ते सगळं आता दिसायला लागलं. वाढताना ती बोलली की तो डोळ्यांकडे बघत नसे, तोंडाकडे टक लावून बघे. पाठीमागून हाक मारली तर वळत नसे. भोंगा झाला की धोंडू आणि लवू गिरणीत जात, आणि दिवसभर घरात ती आणि तो, दोघंच. तिने धोंडूला सांगून पाहिलं. धोंडू हसला, पण त्या रात्री पथारी टाकताना त्याने कुशाबापासून अंतर ठेवलं, हे तिने पाहिलं. त्यामुळे ती जास्तच घाबरली.

बुधवारी दुपारी ती चुलीपुढे बसून सुकट परतत होती. लाकडं ओली होती. फुंकणीने फुंकून डोळे चुरचुरले म्हणून तिने पदराने पुसले आणि मागे वळली. कुशाबा तिच्या मागे, हातभर अंतरावर उभा होता. त्याच्या हातात कोयता होता.

ती किंचाळली. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मग त्याची नजर तिच्या तोंडावर गेली आणि तो एक पाऊल पुढे आला. शेवंता त्याच्या बगलेखालून निसटली, पडवीत आली, दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.

ती खांबाला धरून उभी राहिली. आता तो दार बडवील, शिव्या देईल, कोयत्याने फळी फोडील. पण आतून काहीच आवाज आला नाही. एकदा कडी हलकेच वाजली, कुणी आतून दार ओढून बघावं तशी. मग पुन्हा शांत. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात कौलांतून धूर येऊ लागला आणि करपल्याचा वास सुटला. कढई चुलीवरच राहिली होती. पेटलं तर वरचे वासे वाळलेले, घरांची सगळी ओळ जळून जाईल. ती दाराला तोंड लावून ओरडली, "कढई उतरवा! कुशाबा, कढई उतरवा!" आतून उत्तर नाही. तिने कडीला हात लावला आणि मागे घेतला. पुन्हा लावला. उघडायचं तिच्याने होईना. आत माणूस गुदमरतोय हेही तिला कळत होतं, आणि तरी हात पुढे जात नव्हता.

वरळीच्या कोळीवाड्यातली गुणवंती रोज त्या गल्लीत म्हावरं विकायला यायची. ती पाटी घेऊन वळली आणि धूर बघून धावत आली. शेवंताने कसंबसं सांगितलं. गुणवंतीने पाटी खाली ठेवली, मासे कापायचा सुरा हातात घेतला आणि कडी काढली.

कढई जमिनीवर उतरवलेली होती. चुलीत पाणी ओतलेलं होतं, तिचाच धूर कोंडला होता. कोयता कोपऱ्यात होता आणि त्याच्याजवळ ओल्या लाकडांच्या बारीक चिरफाळ्या केलेल्या होत्या. कुशाबा दाराकडे पाठ करून भिंतीशी बसला होता.

"ए बाबा," गुणवंती म्हणाली. तो हलला नाही. ती जवळ गेली आणि त्याच्या कानामागे तिने जोराने टाळी वाजवली. तरी तो तसाच.

"बाय गो, याला आयकू येत नाय," ती म्हणाली.

धुरातून तिची सावली भिंतीवर पडली तेव्हा तो वळला. आधी सुऱ्याकडे बघितलं, मग शेवंताकडे. हळू, तुटक आवाजात त्याने सांगितलं. पंधरा-वीस वर्षं गिरणीत सांच्यांवर काढली, त्या खडखडाटात कान गेले. जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, कळलं तसं कामावरून काढलं. इथे सगळे गिरणीतले. एकाला कळलं तर प्रत्येक खात्यात बातमी जाईल, म्हणून लपवलं. लाकडं ओली आहेत, ती फोडून द्यावी म्हणून कोयता घेतला होता.

"दार का नाही बडवलंत?" शेवंताने त्याच्यासमोर बसून विचारलं.

"तुम्ही भ्यालेल्या होतात," तो म्हणाला. "बडवलं असतं तर आणखी भ्याला असतात."

तिला रडू फुटलं. मग त्या चित्रांमुळे आपल्या डोक्यात काय भरलं, ते तिने त्याला सांगितलं. खून, खुनी, आत गेलेली पावलं. तो चकित होऊन तिच्या ओठांकडे बघत राहिला. अप्पांचं बोलणं त्याला एक अक्षरही ऐकू आलं नव्हतं. त्याने फक्त चित्रं पाहिली होती.

"मला वाटलं थंडीनं मेली ती माणसं," तो म्हणाला. "एकजण कंदील घेऊन दाराशी आला होता. त्याला कुणी आत घेतलं नाही, असं मला दिसलं."

संध्याकाळी धोंडू आणि लवू आले तेव्हा शेवंताने त्यांना सगळं सांगितलं आणि गिरणीत कुणाजवळ बोलायचं नाही, अशी शपथ घातली. लवूने ऐकून मान डोलावली. धोंडू वरमला, पण खुनी रखवालदारच, हे त्याने सोडलं नाही.

गुणवंतीचा नवरा धर्मा याला होडीवर माणूस हवा होता. समुद्रावर वारा सुटला की कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू जात नाही, सगळे हातानेच सांगतात, असं ती म्हणाली. आठवडा उलटायच्या आत कुशाबा वरळीला राहायला गेला.

जायच्या दिवसापर्यंत शेवंता त्याला समोर बसवून, तोंड त्याच्याकडे करून, सावकाश बोलत असे. त्याच्यात भिण्यासारखं काही नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी चुलीपुढे बसल्यावर तो मागून गेला की तिच्या हातातली पळी थांबायची आणि तो पुढे दिसेपर्यंत तिला श्वास घेता येत नसे. तो गेला त्या दुपारी तिला हायसं वाटलं, आणि त्याची तिला फार लाज वाटली.