नानांनी भरलेली पेटी

पितांबरनानांचा मुलगा हितेंद्र अख्खा संसार घेऊन नेदरलँडला राहायला निघाला, तेव्हा नशिराबादच्या घरात सगळ्यांच्या हाताला काम लागलं, एक नाना सोडून. हितेंद्र कागदपत्रांच्या मागे, सून मोहिनी सामानाच्या याद्यांत गुंतलेली, नानांची बायको कुंदाबाई मसाला कांडण्यात. नाना मदतीला गेले की तिघंही एका सुरात म्हणत, "तुम्ही बसा न, नाना!" चाळीस वर्षं केळीचे ट्रक भरून दिल्लीला पाठवणारा माणूस, आणि पोराच्या संसाराला त्याचा हातही लागू नये? नानांना ते फार लागलं.

मग मोहिनी जळगावला गेली त्या दिवशी नानांनी डाव साधला. मळ्यातून गाडीभर केळीची पानं आणली आणि भांड्यांच्या चारही खोक्यांत दाबून भरली. पानांत भरलेल्या केळ्यांना डाग लागत नाही, तर स्टीलच्या डब्याला काय लागणार!

मोहिनी आली, खोकं उघडलं आणि एक हिरवंगार पान बाहेर ओढलं. "नाना, तिकडे पान, माती, बी, काहीच चालत नही. एक पान सापडलं तर कस्टमवाले बठ्ठं सामान अडकून ठेवतीन!"

नानांचं तोंड एवढंसं झालं. दिवस मावळेपर्यंत एकट्यानं बसून त्यांनी पानं काढली, भांडी पुसली.

दुसऱ्या दिवशी सामान नेणाऱ्या कंपनीचा स्वप्नील दोन माणसं आणि एक मोठी लाकडी पेटी घेऊन मुंबईहून आला. पैसे एकाच पेटीचे भरलेले, त्यामुळे तिच्यात मावेल तेवढंच जहाजानं जाणार. त्यांनी खोक्यांवर खोकी रचली, काढली, पुन्हा रचली. तरी मोहिनीचं शिलाई मशीन बाहेरच उरलं. लग्नाआधी लोकांचे ब्लाऊज शिवून शिवून तिनं ते स्वतःच्या कमाईतून घेतलेलं.

"हे इथेच राहू द्या, ताई," स्वप्नील म्हणाला. मोहिनीनं मान वळवून डोळे पुसले.

आता मात्र नानांना राहवेना. धोतर खोचून ते उठले आणि पेटीत डोकं घातलं. "कपड्याचे खोके कितीक हाये?"

"तीन. पण नाना, तुम्ही..." हितेंद्र म्हणू लागला.

"बसा म्हनशील तर तंगडी मोडीन तुही! खोल ते तिन्ही."

केळी वजनानं काळी पडत नाहीत, हालल्यानं पडतात. म्हणून ट्रक भरताना आधी मोठे घड लावायचे, मग फटीफटीत पानं कोंबायची, बोट शिरायलाही जागा ठेवायची नाही. पानं चालत नाहीत? कपडे आहेत की! नानांनी पेटी रिकामी करवली. मशीन तळाशी कोपऱ्यात बसलं, त्याच्याभोवती गोधड्या. कढईत पातेलं, पातेल्यात तांब्या, तांब्यात मोजे. कुंदाबाई कपडे देत होत्या, नाना कोंबत होते. बघता बघता कपड्यांची तिन्ही खोकी गायब झाली.

"तुमच्या खोक्यात सामान कमी अन् हवाच जास्त," नानांनी स्वप्नीलला सुनावलं.

झाकण बसलं. स्वप्नीलच्या दोन्ही माणसांनी मिळून पेटी कलती केली, तर आतून चमचासुद्धा वाजला नाही. "काका, मुंबईला येता का आमच्याकडे कामाला?" स्वप्नीलनं विचारलं. नाना असे खूश झाले, की त्यांनी त्याला दोनदा चहा पाजला.

खिळे ठोकून पेटी ट्रकात चढली, ट्रक गेला. थंडी पडायला लागली होती, आणि नानांना पारावर जाऊन आजचा पराक्रम सांगायचा होता. "अवं, माहा लोकरीचा कोट कुठी हाये?"

"पेटीत," कुंदाबाई शांतपणे म्हणाल्या. "मशिनीच्या बाजूले. माहे दोन लुगडे बी तिथीच हाये."

"पागल झाली का? ते का कोंबाचे कपडे होते?"

"मीच मागितले आत्याबाईंजवळून," सासूकडे बघून हसत मोहिनी पुढे आली. "तुम्ही भरलेली पेटी आमच्यानं उघडणार हाये का, नाना? ती खोलाले तुम्हीच लागतीन. उद्या जळगावले चला, तुमचा दोघांचा पासपोर्ट काढाचा हाये."

नानांचे डोळे भरले आणि हसूही आवरेना. नुसत्या सदऱ्यावरच ते पाराकडे निघाले आणि वाटेत दिसेल त्याला थांबवून सांगू लागले, "माहा कोट गेला नेदरलँडले. आता मी जातो त्याच्या मांगून!"