वगळलेले सात

पोटाच्या विकारांच्या विभागात तिला सगळे गणितवाली म्हणत. आधी चेष्टेने, मग सवयीने. ती डॉक्टर नव्हती. पेशंटला हात लावायचा तिला अधिकार नव्हता आणि हौसही नव्हती. दुर्बिणीच्या नळ्या धुऊन टांगायच्या खोलीला लागून तिची बोळकांडीएवढी खोली होती. तिथे बसून ती मोठ्या आतड्याची समीकरणं मांडायची. अस्तराची सूज किती दिवसांत चढते, औषधाने किती उतरते, हे आकड्यांत बसवायचं आणि पुढच्या दोन महिन्यांत कोणाचा आजार उसळेल, कोणाचा शांत राहील, ते आधीच सांगायचं. विभागप्रमुखांना, म्हणजे मोठ्या डॉक्टरांना, त्यातून एकच गोष्ट सिद्ध करायची होती: गणित ज्याला शांत म्हणेल, त्याचं औषध निम्मं केलं तरी चालतं. त्या औषधाने हाडं ठिसूळ व्हायची, चेहरा सुजायचा. तेव्हा हेतू वाईट होता असं कोणी म्हणणार नाही.

त्रेचाळीस पेशंट हवे होते, बेचाळीस मिळाले. त्रेचाळिसावा तिने घरातून आणला. तिचा सख्खा मोठा भाऊ.

दादा शहरात बस चालवायचा. अकरा वर्षं हा आजार घेऊन चालवत होता. कुठल्या थांब्याजवळचा संडास किती वाजता उघडतो, हे त्याला बसच्या मार्गापेक्षा जास्त पाठ होतं. "मला तुझं यातलं ओ की ठो कळत नाही," तो म्हणाला होता, "पण शाळेत माझी गणितं तूच सोडवायचीस. आता हेही सोडव."

वर्षभर त्याने दर आठवड्याला नमुने दिले, वही भरली. ठसठशीत अक्षरात, एक दिवस न चुकवता: गोळ्या घेतल्या. ड्युटी पहाटेची. चार वेळा जावं लागलं. रक्त नाही.

गणिताने दादाला शांत ठरवलं. औषध निम्मं झालं. तिसऱ्या आठवड्यात त्याने भर रस्त्यात बस कडेला घेतली, प्रवाशांना उतरवलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. दहा दिवसांनी त्याचं मोठं आतडं काढून टाकावं लागलं. शौचासाठी पोटावर पिशवी आली.

गणितवाली हादरली, पण कामाला लागली. दादासारखेच आणखी सहा जण उसळले होते. तिने सातही जणांच्या वह्या पुढ्यात घेतल्या आणि एकेक ओळ वाचली. चौथ्या दिवशी तिला ते दिसलं. सातांपैकी सहा जण पाळ्या बदलत काम करणारे होते. आज पहाटे, उद्या रात्री. त्यांच्या झोपेला आणि जेवणाला ताळतंत्र नव्हतं, आणि त्यांचं अस्तर इतरांच्या निम्म्या वेगाने भरून येत होतं. तिने मात्र सगळ्यांचा वेग एकच धरला होता. चूक तिची होती, आणि सापडलीही तिलाच.

कागद घेऊन ती मोठ्या डॉक्टरांकडे गेली.

"सर, या सात जणांना धरूनच पेपर लिहावा लागेल. गणित कुठे फसतं, ते यांच्यामुळेच कळतंय."

त्यांनी कागद वरवर चाळले. "छत्तीस जणांत एकही उसळी नाही. इतका स्वच्छ निकाल हाताशी असताना तुम्ही त्यात माती कालवताय. या सातांनी गोळ्या चुकवल्या असणार."

"वह्यांत रोजची नोंद आहे, सर."

"पेशंट वहीत काहीही लिहितात हो."

"त्यातला एक माझा भाऊ आहे."

"म्हणूनच तुम्हाला नीट दिसत नाहीये," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले आणि पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

ते वाक्य तिच्या डोक्यात रुतून बसलं. खरंच आपण भावापायी वाहवत चाललोय का? त्याच महिन्यात तिची नेमणूक कायम व्हायची होती. सातांना वगळून लिहिलेल्या पेपरवर सही करताना आपण नेमणुकीचा विचार केला नाही, असं ती पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिली. सही मात्र तिने केली.

पेपर गाजला. रीतीप्रमाणे विभागाने भाग घेतलेल्या सगळ्यांच्या घरी निकालाचा कागद पाठवला. तो हातात घेऊन दादा एका दुपारी तिच्या खोलीत आला. शर्ट बाहेर सोडलेला, चाल जपून. खुर्चीवर बसून त्याने एक ओळ मोठ्याने वाचली, "सात जणांनी औषधं नियमित न घेतल्यामुळे त्यांना वगळण्यात आलं." मग विचारलं, "या सातांत मी आहे ना?"

"हो."

"माझी कुठली गोळी चुकली गं?"

"एकही नाही."

"मग हे लिहिलं कोणी?"

"सरांनी. खाली सही माझीही आहे."

दादाने कागदाची घडी घातली. "आतडं गेलं ते गेलं. ते तू मुद्दाम नाही केलंस. पण मला खोटं पाडलंस तू." तो उठला. दारापर्यंत सोडायला ती गेली, तर त्याने हातानेच नको म्हटलं.

त्याच आठवड्यात तिने पेपर छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र लिहिलं, वह्यांच्या प्रती जोडल्या. चौकशी आठ महिने चालली. मोठे डॉक्टर नजरचूक झाली म्हणाले आणि त्यांचं काही वाकडं झालं नाही. सातांनी औषधं चुकवली नव्हती, अशी चार ओळींची दुरुस्ती छापून आली. तिची नेमणूक कायम झाली नाही.

ती दुरुस्ती घेऊन ती दादाकडे गेली. वहिनींनी दार उघडलं, या म्हणाल्या, पण बसा म्हणाल्या नाहीत. दादाने चार ओळी दोनदा वाचल्या.

"बाकीच्या सहा जणांना कळवलं का?"

"पत्ते विभागाकडे आहेत. मला देत नाहीत."

"एकाचा माझ्याकडे आहे. छापखान्यात मशीनवर होता. नमुने द्यायला आम्ही एकाच बाकावर बसायचो." तो तिच्याकडे बघत नव्हता. "गेला तो. आतडं फुटलं. तो कागद आला तेव्हा दवाखान्यातच होता. त्याच्या बायकोला वाटतंय, गोळ्या चुकवल्या म्हणून गेला. जाऊन सांग तिला. मी नाही येणार."

दुसऱ्या दिवशी ती गेली. दोन खोल्यांचं घर, दोरीवर एकाच माणसाचे कपडे. आपण कोण, ते तिने आधीच सांगून टाकलं, मग दुरुस्ती वाचून दाखवली आणि साध्या शब्दांत समजावली: त्यांनी सगळ्या गोळ्या घेतल्या होत्या, चूक आमची होती, माझी होती.

बाई सगळं ऐकून घेत होत्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ते शपथ घेऊन सांगत होते. मी म्हटलं, एवढे शिकलेले लोक खोटं कशाला लिहितील? शेवटचे बारा दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही."

गणितवालीने दुरुस्तीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"तुम्ही जा आता," बाई म्हणाल्या.