पदराआडचा पिन

दिल्लीत काही वर्षं काढली की मराठी माणसाला एक खोड लागते. चारचौघांत तो बिनधास्त मराठीत बोलतो. रिक्षावाल्याचा आगाऊपणा, शेजारणीचं वजन, डॉक्टरांचा विग, सगळं त्यांच्या तोंडावर. कुणाला कळतंय! माझ्या सासूबाई, विजयाबाई, यात एकदम पटाईत.

त्या दुपारी आम्ही दोघी करोल बागेतल्या एका एटीएममध्ये होतो. सासऱ्यांचं, म्हणजे बळवंतरावांचं, दुसऱ्या दिवशी सकाळी हृदयाचं ऑपरेशन होतं. आणखी थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हॉस्पिटलची अनामत संध्याकाळपर्यंत सासूबाईंच्या खात्यातून भरायची होती. त्याआधी औषधांसाठी थोडी रोकड हवी होती. माझा नवरा सुधन्वा ऑफिसच्या कामाने गुवाहाटीला गेलेला, रात्रीच्या विमानाने यायचा होता.

"एकोणसत्तर, पंचाहत्तर," सासूबाईंनी पिन सांगितला. चष्मा घरी राहिला म्हणून बटणं मी दाबत होते. त्यांना ऐकायला कमी येतं, त्यामुळे आवाज खणखणीत. आणि कुणी बघू नये म्हणून बटणांवर पदर धरलेला!

"आई, हळू बोला ना."

"अगं, तुझ्या लेकाला, नचिकेतला, एकोणसत्तर कळत नाही, इथे कुणाला कळणार आहे? मागे बघ, त्याचं जॅकेट! भोपळाच जणू."

मागचा केशरी जॅकेटवाला हसला. मीही हसले. पैसे आले, पण कार्ड निघेना, तेव्हा तोच पुढे झाला. "अटक गया क्या, आंटीजी? लाइए." त्याने ते ओढून काढलं आणि सासूबाईंच्या हातात दिलं. काय भला माणूस, असं मला वाटलं.

औषधांच्या दुकानात उभ्या होतो, तेवढ्यात सासूबाईंचा फोन वाजला. खात्यातून दहा हजार काढल्याचा मेसेज.

"आपण काढले तेच असतील," त्या म्हणाल्या.

"आपण पाचच काढले, आई."

मी त्यांच्या पर्समधून कार्ड काढलं. बँक तीच, रंग तोच. वर नाव होतं रामरती देवी.

मदतीच्या नावाखाली त्याने कार्डच बदललं होतं. त्या कुण्या रामरती देवीच्याच कार्डामागचा हेल्पलाइनचा नंबर मी लावला. आधी संगीत, मग हिंदीसाठी दोन दाबा, मग पुन्हा संगीत. संगीत कसलं वाजवता, इथे एका माणसाचा जीव टांगणीला लागलाय! दुसरा मेसेज आला. आणखी दहा हजार. बाहेर बघितलं तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोनारांची दुकानं. त्यांच्याकडे कार्ड घासलं तर अख्खं खातं साफ होणार, आणि उद्याचं ऑपरेशन राहणार.

"पण त्याला पिन कळला कसा?" सासूबाई रडवेल्या झाल्या. "मी पदर धरला होता गं!"

"आई, तुम्ही भोपळा म्हणालात, तेव्हा तो हसला होता."

सासूबाई मटकन स्टुलावर बसल्या. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

तेवढ्यात फोनवर पलीकडून एक बाई बोलली. जन्मतारीख सांगा, आईचं नाव सांगा, खातं ज्यांचं आहे त्यांनीच बोला. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. सासूबाई उठल्या, फोन घेतला, भिंतीकडे तोंड केलं आणि ओठांवर पदर धरून कुजबुजल्या. समोरच्या बाईला ऐकू जाईना. "ज़रा ज़ोर से बोलिए, माताजी." सासूबाईंनी मागे बघितलं. आम्हा सगळ्यांकडे, अगदी माझ्याकडेही संशयाने बघितलं. पुन्हा तसंच, पण एकेक अक्षर सुटं करून बोलल्या.

"कार्ड ब्लॉक हो गया, माताजी."

फोन ठेवतो न ठेवतो तोच तिसरा मेसेज. एका ज्वेलर्सच्या नावापुढे मोठी थोरली रक्कम, आणि खाली लिहिलेलं, व्यवहार नाकारला. मी भर दुकानात रडले. लाजबीज काही वाटली नाही.

मग धावपळ करत लक्ष्मीबाई नगरला घरी गेलो, चेकबुक घेतलं, हॉस्पिटल गाठलं. काउंटरवाल्याने चेक घेतला. ऑपरेशन ठरल्याप्रमाणे सकाळीच होणार होतं.

वॉर्डमध्ये बळवंतराव आमची वाटच बघत होते. "आलात? हा शेजारचा बघ, विजया," ते नेहमीसारखे मोठ्याने म्हणाले. "दुपारभर घोरतोय, कुंभकर्ण मेला!"

सासूबाईंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "हळू बोला."

"अगं, त्याला कुठे कळतंय?"

"कळतं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना कळतं."

मग त्या वाकल्या आणि त्यांच्या कानाशी लागून काहीतरी बोलल्या. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्याला काय सांगितलं, कोण जाणे. मी पायथ्याशी उभी होते, तो खणखणीत आवाज मलाही ऐकू आला नाही. त्या भोपळ्याचा मला खरा राग आला तो तेव्हा.