गावाकडचा साहेब

आमच्याकडं फौजेतून आलेल्या कुणालाही मेजर म्हणतात. लंगरातला स्वयंपाकी मेजर, गाडीवरचा ड्रायव्हरही मेजर. त्यामुळं खरोखरच मेजर होऊन आलेल्या त्रिंबकरावांची भलतीच पंचाईत झाली.

गंगापूरच्या कोर्टात दोन वर्षं माश्या मारल्यावर हा वकील फौजेच्या कायदा विभागात भरती झाला. चौदा वर्षांत बंदूक हातात घेतली ती ट्रेनिंगपुरती, बाकी सगळी फायलींशी लढाई. आता जिल्हा परिषदेला उभं राहायचं, म्हणून क्रांती चौकात फलक लागला : मागं बर्फाचे डोंगर, पुढं बंदूकधारी त्रिंबकराव. पहिल्या दिवशी त्यांना ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फलक मोठा करायला सांगितला.

मग गावात माजी सैनिकांचा सत्कार ठरला. यादीत खंडेरावचं नाव बघून त्रिंबकरावांनी ती पुन्हा वरपासून वाचली.

बारा वर्षांपूर्वी खंडेराव रजेवरून तीन महिने उशिरा परतला, म्हणून त्याच्यावर लष्करी खटला झाला. सरकारची बाजू त्रिंबकराव मांडत होते. पण साहेब मराठी बोलतोय, त्यातही आपल्याच तालुक्याचा, म्हणजे आपलाच वकील, असं त्या भोळ्यानं धरलं आणि व्हरांड्यात मन मोकळं केलं. “दोन महिने बायको घाटी दवाखान्यात होती, साहेब. ती गेली. मंग मेंढरं कुणाच्या तरी हवाली करस्तोवर अजून एक महिना गेला.”

त्रिंबकरावांनी कोर्टात फक्त मेंढरं सांगितली. खंडेराव बडतर्फ झाला, पेन्शन बुडाली. तेव्हापासून तो वाळूजला एका कंपनीच्या गेटवर उभा राहतो.

सत्काराआधी तो मंडपामागं भेटला. राग नाही, काही नाही. हात जोडून म्हणाला, “साहेब, पोरीला ठावं नाय. रिटायर झालो म्हून सांगितलंय. भरतीची तयारी करतीय ती. तेवढं माजी सैनिक म्हना, बस्स.”

“म्हणतो ना,” त्रिंबकराव म्हणाले. आणि त्या घटकेला त्यांना खरंच म्हणायचं होतं.

पण मंचावर चढताना त्यांना समोर विरोधकांचा माणूस मोबाइल धरून उभा दिसला. बडतर्फाचा सत्कार केला अशी उद्या बोंब झाली तर? खंडेराव शालीसाठी वाकला, तेवढ्यात त्रिंबकरावांनी माइक हातात घेतला.

“खंडेराव माजी सैनिक नाहीत, ते बडतर्फ आहेत. मी कायद्याचा माणूस. माझ्या मंचावर खोटं चालणार नाही.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. शाल तशीच त्रिंबकरावांच्या हातात राहिली.

पुढच्या रांगेतून खंडेरावची पोरगी सुकेशनी उठली. “साहेब, खरं सांगताय तर का बडतर्फ केलं ते बी सांगा की.”

अख्ख्या मंडपात ते दोघांनाच ठाऊक होतं. त्यातला एक मान खाली घालून पायऱ्या उतरत होता.

“पुढचं नाव घ्या,” त्रिंबकराव म्हणाले.

त्या गावानं त्यांना भरभरून मतं दिली. माणूस सडेतोड आहे, असं लोक अजून सांगतात. त्रिंबकरावांना लाज वाटली, नाही असं नाही. निकालाच्या दिवसापर्यंत वाटत होती.