पुसलेले लाल चौकोन

मी एक जुना सर्व्हर आहे. वरठीजवळच्या आमच्या गावातल्या अभ्यासिकेत घडणारी एकही घटना माझ्या नजरेतून सुटत नाही. घटना म्हणजे काय, तर तिसरा संगणक अचानक गप्प होतो. मागाहून कळतं, अभ्यासाला येणाऱ्या मोनाचा पाय वायरीला लागला होता.

मित्रांनो, माझी उमेदीची वर्षं नागपुरातल्या एका थंडगार खोलीत गेली. तिथून मोडीत निघालो तेव्हा अभ्यासिका चालवणाऱ्या संघपालदादांनी मला मोटारसायकलच्या मागच्या सीटला बांधून, खाली उशी देऊन इथं आणलं. बुद्धविहाराशेजारच्या खोलीत चार-पाच संगणकांचं नेटवर्क झालं आणि मी त्याचा राखणदार. थोड्या थोड्या वेळाने मी प्रत्येकाला विचारतो, "आहेस का?" उत्तर आलं नाही की नोंद करतो. काही बिघडायला लागलं की पिवळा इशारा देतो, फारच बिघडलं की लाल चौकोन. त्या चौकोनाखाली 'पाहिले' असं बटण असतं. ते दाबलं की चौकोन जातो आणि मी निश्चिंत होतो: माणसाला कळलं, आता तो काहीतरी करील. माणसांवर एवढा विश्वास ठेवायला मला कारखान्यातच शिकवलं होतं.

दादांची आई, धुरपताबाई, धान रोवण्याची गाणी म्हणायची. दादांनी ती फोनवर रेकॉर्ड करून घेतली, आणि फोन भरला तेव्हा माझ्याकडे ठेवून फोनमधून पुसली. आई गेल्यावर ते एकटे असले की ऐकत. गाणी नव्हे, गाण्याआधीचं बोलणं. "चालू हाय का रे थे? मंग सांगत काहून नाही? मी कवाची बोंबलून राहिली!" दादा हसत, आणि पुन्हा तेवढंच लावत.

"दुसऱ्या जागी उतरवून ठेवाची हाय," ते स्वतःशीच म्हणत. "जयंती होऊ दे."

जयंतीला पाहुणे येणार होते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या रिताची त्या दिवशी झाडायची पाळी होती. दादा म्हणाले, "रिता, सारं झाडून-पुसून घे. आन् या पडद्यावर लाल काही दिसलं नाही पाहिजे."

रिताने बटण दाबून लाल पुसलं. पाहुणे आले, माझ्या पेटीवर हार पडला, एकाने मला गावाचा मेंदू म्हटलं. पाहुणे गेले, लाल पुसायची शिस्त मात्र राहिली. ज्याची पाळी, तो आधी फरशी पुसे, मग मला.

नेमकी तेव्हाच माझी मोठी डिस्क, जिच्यावर आई होती, कुरकुरायला लागली. मी पिवळं दाखवलं. मग लाल. सकाळी 'पाहिले'. पुन्हा लाल. पुन्हा 'पाहिले'. इतकी वक्तशीर पोच मला नागपुरातही मिळाली नव्हती.

आईच्या पहिल्या स्मृतिदिनाला पुण्यानुमोदनासाठी नातेवाईक जमले. दादांना सगळ्यांना आईचा आवाज ऐकवायचा होता. स्पीकर लावला, बटण दाबलं. काहीच आलं नाही.

"आवाज वाढव ना बापा," मामा म्हणाले.

दादांनी वाढवला. स्पीकरची घरघर तेवढी मोठी झाली. मामांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

भंडाऱ्याच्या दुरुस्तीवाल्याने डिस्क कानाशी धरली आणि "संपली" म्हणाला. मग त्याने माझ्या नोंदी उघडून दाखवल्या. दादा वाचत गेले.

"काहून वो रिता, हा इतका ओरडून राहिला होता. तू वाचलं नाही?"

"वाचाले कोणं सांगतलं होतं, दादा?" रिता म्हणाली. "तुम्ही तं पुसाले सांगतलं होतं."

सांगितलं दादांनीच होतं.

मित्रांनो, यंत्र काही सांगत असेल तर 'पाहिले' दाबण्याआधी एकदा पाहा. माझं मागणं एवढंच. माझी छोटी डिस्क अजून ठणठणीत आहे. तिच्यावर माझे सगळे इशारे आहेत, एकही हरवलेला नाही.

अभ्यासिकेत आता नवा सर्व्हर आला आहे. त्याचाही पडदा रोज सकाळी स्वच्छ पुसलेला असतो.