पुलावर अडलेली सोनेरी गाडी

मी टानेनबाखच्या राजघराण्याची एक जुनी घोडागाडी आहे. राजघराणे म्हटले की मित्रांनो, तुमच्या डोळ्यांपुढे भलेमोठे राज्य येईल. आमचे राज्य एवढेसे होते, की घोडे जरा रंगात येतात न येतात तोच शेजाऱ्याची हद्द लागायची!

डोंगरातल्या चिवट लाकडातून सुताराने मला घडवले. अंगावर सोन्याचा मुलामा चढला. मी रस्त्याला लागले, की बायका पिठाचे हात तसेच घेऊन दारात धावत. मलाही थोडा तोरा आलाच.

पुढे राजे वारले आणि राज्याच्या वाटण्या झाल्या. किल्ला, मी आणि राजमाता वालबुर्गा थोरल्या लेब्रेख्तकडे राहिलो. धाकट्या गेबहार्डला नदीपलीकडचा मुलूख मिळाला. पण द्राक्षांचा एक मळा कोणाचा, यावरून भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. धाकट्याला दोन मुले झाली, तरी आजीने त्यांचे तोंड पाहिले नव्हते.

एकदा लेब्रेख्त आईला गरम पाण्याच्या झऱ्यावर नेत होता. पुलाच्या मध्यावर आलो, तो समोर गेबहार्डची गाडी! पूल अरुंद. कुणीतरी मागे सरणे भाग होते.

“मागे घे! मी थोरला आहे,” लेब्रेख्त खिडकीतून ओरडला.

“थोरला तुझ्या घरचा! राजा मीपण आहे,” तिकडून उत्तर आले.

दुपार कलली. दोन्ही बाजूंना बटाट्याच्या गाड्या खोळंबल्या. “लहानपणी आईनं दोन धपाटे घातले असते, तर ही वेळ आली नसती,” एक गवळण मोठ्याने म्हणाली.

ते राजमातेने ऐकले. काठी टेकत ती खाली उतरली.

“आईसाहेब, कुठं निघालात? आपली शान जाईल!” लेब्रेख्त म्हणाला.

“शान घेऊन बस मांडीवर. मला माझी नातवंडं बघायचीत.”

ती थेट गेबहार्डच्या गाडीत जाऊन बसली. “वळव रे गाडी, गेबू. म्हाताऱ्या आईला घरी नेशील ना?”

आईला घरी न्यायचे, तर मागे सरणे आलेच. गेबहार्डने आईचा हात हातात घेतला. “आई, पोरं रोज विचारतात गं तुला.”

त्याची गाडी मागे सरली, पुलापलीकडे वळली आणि धावू लागली. लेब्रेख्त माझ्यात एकटाच उरला. जरा वेळाने तो खाकरला. “फाइट, चल त्यांच्या मागोमाग.” गाडीवान फाइट मिशीत हसला. मागे सरला धाकटा आणि पुढे गेला तोही धाकटाच. दोघांचाही मान राहिला!

त्या संध्याकाळी भावांनी एकाच ताटातला आलुबुखाराचा केक खाल्ला. मुलांनी माझ्या मखमलीवर मुरंब्याचे हात पुसले, पण कुणी रागावले नाही. मळ्यातली द्राक्षे पुढे दोन्ही घरी जाऊ लागली.

नंतर मोटारी आल्या, राजेपण गेले. कित्येक वर्षे माझ्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. आता गावाने मला धुऊनपुसून संग्रहालयात ठेवले आहे. मित्रांनो, माझा उरलासुरला मुलामा नखांनी खरवडू नका. गंजलेल्या बिजागऱ्यांना थोडे तेल मात्र घाला. मग खुशाल आत या, दाटीवाटीने बसा, आणि कुणी “जरा सरक” म्हणाले, तर सरका. सरकल्याने कुणी लहान होत नाही.