गोगलगायीचा आतला टायर

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. टायर म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे गाडीच्या बाहेरच्या बाजूला दिसणारा टायर येत असेल. मी तो नव्हे. काही मोठ्या गाड्यांना मागे दोन-दोन टायर जोडीने बसवतात. त्यातला बाहेरचा सगळ्यांना दिसतो, आतला शोधावा लागतो. मी आतला. बाहेर होता तो माझा जुळा भाऊ. ओझे आम्ही निम्मे निम्मे वाहिले. चिखलाचा वाटा मात्र त्यालाच जास्त आला, त्यामुळे माझी काही तक्रार नाही.

आम्ही दोघे एकाच कारखान्यात, एकाच पाळीत जन्मलो. रबराच्या चादरी आणि पोलादी तारांची जाळी एकावर एक गुंडाळून आम्हाला तापलेल्या साच्यात घातले. बाहेर आलो तेव्हा बाळाला जावळ असते तसे आमच्या अंगावर रबराचे बारीक केस होते. कुशीवर अक्षरे उमटली होती, त्यात 'ऐंशी' हा आकडा होता. आम्हाला त्याचा फार अभिमान वाटायचा. त्याचा अर्थ मात्र ठाऊक नव्हता.

पुढे आम्हाला एका चालत्या घराखाली बसवले. हो, घरच! आत चूल, बेसिन, कपाटे आणि मागच्या टोकाला, बरोबर माझ्या डोक्यावर, एक रुंद पलंग. हे घर दोन बहिणींनी विकत घेतले होते. थोरली ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेली. छापील शब्दावर तिचा भारी विश्वास. धाकटी गाणे शिकवायची. तिचा विश्वास स्वतःच्या कानावर. दोघींचे एकमेकींवाचून पान हलत नसे आणि एकमेकींशी पटतही नसे. गाडीचे नाव 'गोगलगाय' ठेवायचे, एवढ्या एका गोष्टीवर त्यांचे पहिल्या फटक्यात एकमत झाले होते.

गाडी घेतली ती त्यांच्या आईसाठी. आई म्हणजे जन्मभर इस्पितळात परिचारिका असलेली, आता पंच्याऐंशी ओलांडलेली म्हातारी. गल्लीतली सगळी मुले तिला आजी म्हणत, म्हणून मीही आजीच म्हणतो. आजीची एकुलती एक बहीण दूर समुद्राकाठी राहायची. दोघी दर रविवारी फोनवर तासन्‌तास बोलायच्या. पण पुढे या बहिणीला, म्हणजे पोरींच्या मावशीला, ऐकू येईनासे झाले. फोनवर नुसते "हॅलो, हॅलो" व्हायचे आणि आजी हिरमुसून फोन ठेवायची.

भेटायला जावे, तर आजीच्या पाठीचा मणका दुखावलेला. बसून प्रवास शक्यच नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, "झोपवून न्या. पण धक्के बसता कामा नयेत. एखादा वाईट धक्का बसला तर त्या कायमच्या अंथरुणाला खिळतील."

म्हणजे मित्रांनो, आजीची पाठ आणि रस्ता यांच्यामध्ये होतो आम्ही. आम्ही आणि आमच्यातली हवा.

निघायच्या दिवशी थोरलीने वाकून आमच्या कुशीवरचे लिखाण वाचले आणि पंपावर सांगितले, "सगळ्या चाकांत ऐंशी पौंड हवा भरा. इथे छापलंयच तसं."

भरली. आम्ही दगडासारखे टणक झालो. रस्त्यावर शेंगदाण्याएवढा खडा आला तरी त्याचा ठोसा थेट वर जाई. कपाटातल्या बशा वाजत, आणि वर आजी दात आवळून पडलेली. मला तिचा कण्हण्याचा आवाज ऐकू यायचा. मी काय करणार? टायरला स्वतःची हवा कमी करता येत नाही.

शेवटी आजी म्हणाली, "अगं पोरींनो, मी गाडीत आहे की सुपात? नुसती पाखडली जातेय!"

दुपारी गाडी थांबली. धाकटी तावातावाने खाली उतरली. "आकडे वाचून हवा भरतात का कुठे? ठोकून बघायचं. आवाजावरून कळतं मला," असे म्हणत तिने सगळ्या बाहेरच्या टायरांची हवा फुस्स करून सोडली. माझे हवा भरायचे तोंड भावाच्या आड होते. तिथे तिने चमच्याची दांडी घुसवली आणि माझीही हवा सोडली. किती गेली ते तिला कळले नाही आणि मलाही नाही. आम्ही तेव्हा चालून चालून तापलो होतो. तापलेल्या टायरात हवा फुगलेली असते. ती तेव्हा बेताची वाटली, तरी टायर निवल्यावर कमी पडते. हे तिच्या गावीही नव्हते.

नंतरचा रस्ता मऊ झाला. आजीचा डोळा लागला.

"बघ," धाकटी म्हणाली.

गाडी चालवणाऱ्या थोरलीने आरसा उगाच दोनदा पुसला.

मग घाट लागला. वळणावर गाडी झुलू लागली. जोडीचे टायर मऊ पडले की त्यांच्या कुशी फुगून एकमेकींना घासतात. मी आणि माझा भाऊ, जन्मात कधी भांडलो नव्हतो, पण त्या उतारावर आम्ही एकमेकांना सोलून काढत होतो. अंगाची लाही लाही होत होती. मी फुटलो असतो, तर गाडी एका बाजूला कलंडली असती, आणि त्या बाजूला कठडा होता. कठड्याच्या पलीकडे काहीच नव्हते.

"कसला वास येतोय गं?" थोरलीने विचारले.

"दूध उतू गेलं का?"

"गॅस बंद आहे."

तेवढ्यात मागून आजीचा आवाज आला. अगदी शांत. "रबर जळतंय. माझ्या पलंगाखालून येतोय वास. थोरले, गाडी हळूहळू बाजूला घे. ब्रेक एकदम दाबू नकोस."

थोरलीने गाडी हळू केली आणि वळणापुढच्या मोकळ्या जागेत उभी केली. मी वाचलो. सगळेच वाचले.

आणि मग खाली उतरून दोघी बहिणींनी जे भांडण केले ते काय सांगू!

"तू हवा सोडलीस म्हणून झालं हे!"

"आणि तू चाकात दगड भरले होतेस ते? आईच्या पाठीचं काय झालं असतं?"

"लहानपणापासून तुझं हे असंच. अंदाजपंचे!"

"आणि तुझं? पुस्तकात लिहिलं असेल तरच पाऊस पडतो!"

खिडकीचा पडदा सरकला. आजी उशीवरून मान वळवून बोलत होती. "झालं का? आता माझं ऐका. मी इतकी वर्षं औषधं दिली. बाटलीवर लिहिलंय म्हणून अख्खी बाटली पाजली असती, तर वॉर्डात कुणी उरलं असतं का? आणि रोगी कण्हतोय म्हणून मनाला येईल तेवढंही दिलं नाही कधी. आधी वजन बघायचं, मग मात्रा ठरवायची. या तुमच्या गोगलगायीचं वजन केलंय का कुणी?"

वजन कुणीच केले नव्हते.

फोन केल्यावर घाटाखालून पंक्चरवाला आला. आम्ही निवलो तेव्हा त्याने आम्हाला उतरवून आतून-बाहेरून तपासले. नशिबाने नुसते खरचटले होते. काम चालेल इतकी हवा भरून तो म्हणाला, "हळू जा. खालच्या गावात गाड्या तोलायचा वजनकाटा आहे. आणि आतल्या टायरला ही लांब नळी बसवा, म्हणजे चमचा लागणार नाही." धाकटी जीभ चावून हसली.

तोवर थोरली गाडीबरोबर आलेली पुस्तिका वाचत बसली होती. तिने ती मिटली. "ऐंशी म्हणजे जास्तीत जास्त," ती हळूच म्हणाली. "याच्या वर जायचं नाही, एवढंच. नेमकी किती भरायची ते चाकांवर वजन किती पडतं त्यावर आहे. इथे कोष्टक दिलंय."

"छापलेलं होतं तर," धाकटी म्हणाली. पण या वेळी टोमणा नव्हता.

काट्यावर पाण्याची टाकी भरून, सगळे सामान जसेच्या तसे ठेवून गाडी चढवली. आधी पुढची चाके, मग मागची. काटेवाला म्हणाला, "आजींना जरा उतरवता का?"

"अहो, मला उतरवून कसं चालेल?" आजी आतून ओरडली. "मी सामानातच आहे!"

मागच्या चाकांवर वजन अपेक्षेपेक्षा बरेच जास्त निघाले. मागची पेटी उघडली तर निम्मी थोरलीच्या पुस्तकांनी भरलेली आणि निम्मी जागा धाकटीच्या हार्मोनियमने अडवलेली. दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि पेटी उपसायला घेतली. काही पुस्तके पुढच्या बाकाखाली गेली. हार्मोनियमही पुढे गेले. पुन्हा वजन केले, मग कोष्टकावर बोट ठेवून थोरलीने वाचले, "पुढे साठ, मागे पासष्ट."

मुक्काम तिथेच पडला. सकाळी ऊन चाकांवर यायच्या आत, आम्ही गार असताना, छोटा पंप आणि मीटर घेऊन दोघी कामाला लागल्या. थोरली मीटर वाचत होती आणि धाकटी नळी धरून बसली होती. माझी पाळी आली तशी धाकटी म्हणाली, "थांब, थांब! सूर लागला नाही. नळी तिरकी बसलीय, हवा बाजूने जातेय." तिने नळी सरळ केली. तो फसफस आवाज बंद झाला.

"पासष्ट," थोरली म्हणाली. "तुझा कान बरा आहे हं."

मित्रांनो, त्या सकाळी मला पहिल्यांदा कळले की अंगात नेमकी हवा असणे म्हणजे काय. खड्डा आला की मी तो थोडा गिळत होतो, थोडा सोडून देत होतो. भावाची आणि माझी कूस सुटी होती. गाडी वळणावर डुलत नव्हती. वर आजीने गाणे गुणगुणायला सुरुवात केली, आणि धाकटीने पुढून सूर धरला. थोरलीने चुकीचा ताल धरला, पण धरला.

समुद्राकाठच्या घरापुढे गाडी थांबली तेव्हा मावशी काठी टेकत दारात आली होती. गाडीची पायरी चढून, धापा टाकत ती पलंगाशी पोचली.

"किती म्हातारी झालीस गं!" आजी ओरडून म्हणाली.

"काय?"

"म्हातारी झालीस म्हणते!"

"आणि तू काय कोवळी काकडी आहेस?" मावशी म्हणाली, आणि आजीच्या शेजारी पलंगावर सरळ आडवी झाली. मग दोघी एकमेकींच्या कानात ओरडत राहिल्या. मध्येच रडल्या, मध्येच इतक्या हसल्या की पलंग हलला. शेजारीपाजारी दारात जमले. खाली मी दोघींचा भार झेलत होतो. इतके हलके ओझे मी पुन्हा कधी वाहिले नाही.

त्यानंतर आम्ही त्या वाटेने पुष्कळदा गेलो. दर वेळी निघण्याआधी थोरली मीटर काढी आणि धाकटी नळी. एक हिवाळाभर मात्र आजी आजारी होती. गाडी छपराखाली उभीच राहिली, आणि आम्हाला कोणी विचारले नाही. एकाच जागी उभे राहून माझ्या कुशीला बारीक चिरा पडल्या. आजी बरी झाली, मी काही बरा झालो नाही.

"पण याची नक्षी तर अजून शाबूत आहे," धाकटी पंक्चरवाल्याला म्हणाली.

"केस काळे आहेत म्हणून माणूस तरुण असतो का, बाई?" त्याने मला उतरवत म्हटले.

खरेच आहे ते. टायर झिजून जसा म्हातारा होतो, तसा नुसता वर्षे उलटूनही होतो. भावालाही उतरवले, आणि माझ्या जागी नवा आला. त्यालाही थोरलीने पासष्ट भरायला लावले आणि धाकटीने वाकून आवाज ऐकला. मी निर्धास्त झालो.

मित्रांनो, तुमच्या घरची माणसे लांबच्या प्रवासाला निघतील तेव्हा त्यांना जरूर विचारा, "हवा बघितली का?" ती म्हणतील, "परवाच बघितली." तेव्हा पुढचे विचारा, "चाकं गार असताना? सामान भरल्यावर किती वजन होतं ते धरून?" ती जरा वैतागतील. वैतागू द्या. त्यांच्या मागे कोणाची तरी आजी झोपलेली असेल.

उद्या मला घेऊन जायला ट्रक येणार आहे. माझे बारीक तुकडे करून ते मुलांच्या मैदानावर, घसरगुंडीच्या पायथ्याशी अंथरणार आहेत. मला त्याचा आनंद आहे. तिथे धावता धावता कोणी पडलेच, तर लगेच भोकाड पसरू नका. आधी उठून बघा, खरेच लागले आहे का ते.